अंगवळणी

४ डिसेंबर १९७२, सोमवार

आज बोरमाळवाडीला हजर झालो. मिरजगावला एस.टी.तून उतरलो, ट्रंक डोक्यावर घेतली आणि तीन मैल चालत आलो. वाटेत हिरवं म्हणावं असं एक झाड दिसलं नाही, तरी मन प्रसन्न होतं. मॅट्रिक होऊन सात वर्षं झाली. त्यातली चार कोपरगावला कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहिण्यात गेली. आता मलेरिया खात्यात कायम झालो. माझ्याकडे नऊ वाड्या आहेत. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, कुणाला ताप येऊन गेला का विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची. सायकल मंजूर झालीय म्हणतात. येईपर्यंत पाय आहेतच.

राहायला गनीभाई नालबंदांच्या घराची पडवी मिळाली. पन्नाशीचा दणकट माणूस. दारात बैल आडवा पाडून नाल ठोकतो. पण दुष्काळात बैलच बाजारात चाललेत, म्हणून काम कमी. त्यांची बायको बिबीजान. मी तिला चाची म्हणालो तर तिला बरं वाटलं. पहिल्याच दिवशी मिलोची, म्हणजे रेशनच्या लाल अमेरिकन ज्वारीची, भाकरी आणि लसणाची चटणी दिली. मिलो घशाखाली उतरत नाही, पण सगळा मुलूख तेच खातोय. दाराशी तिची शेळी बांधलेली असते, मैना. जाता-येता शिंगांच्या मध्ये खाजवलं की मान पुढे करते.

बायकोला, मनकर्णेला, कोपरगावला पत्र टाकलं. बनूसाठी खाली मांजर काढलं. चार वर्षांच्या पोरीला वाचता येत नाही, मांजर कळेल.

११ डिसेंबर, सोमवार

दिवसाला नऊ-दहा मैल होतात. माणसं घरी सापडत नाहीत, सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला. म्हणून मी तिथंच जातो. उन्हात ओळीनं बसलेली माणसं मला “डाक्टर” म्हणत हातोडी बाजूला ठेवून बोट पुढे करतात. टोचलेलं कुणाला कळतसुद्धा नाही, बोटांना इतके घट्टे.

दुपारी येऊन पडवीतल्या बाजेवर पडतो. चाची हसत म्हणाली की मी परक्याच्या घरी आल्यासारखा बाजेच्या कडेला का निजतो. माझ्या ध्यानातच नव्हतं. मी उजव्या कडेला असतो आणि डावा हात लांब पसरलेला. बनू जन्मल्यापासून त्या हातावर डोकं ठेवून झोपते. आता ती साठ कोसांवर, पण हात आपला जागा धरून ठेवतो. चाचीला सांगितलं. तिचं तोंड एकदम मऊ झालं. तिला मूलबाळ नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

खडीच्या ढिगावरून उतरताना डावा पाय मुरगळला. काही फार नाही. चाचीनं आंबेहळद उगाळून लावली. घोटा लिंबाएवढा सुजलाय. गनीभाईंनी पाय हातात घेऊन बैलाचा बघावा तसा बघितला आणि हाड शाबूत असल्याचं सांगितलं.

२४ डिसेंबर, रविवार

मौज वाटते. पहिले दोन दिवस प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागत होतं. आज चौथ्या-पाचव्या दिवशी विचारच करावा लागत नाही. भार आपोआप उजवीकडे जातो, डावं पाऊल आखूड पडतं, कंबर थोडी वळते. कुणी शिकवलं? माझं मी शिकलो नाही एवढं नक्की. शरीरानं आपसात ठरवून टाकलं आणि मला नंतर कळवलं.

८ जानेवारी १९७३, सोमवार

सूज गेली, दुखणं गेलं. चाल मात्र तशीच. पोरं मागून नक्कल करतात. मिरजगावच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवलं. वयस्क आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी मला चालायला लावलं, उभं केलं, डोळे मिटायला सांगितले. मग म्हणाले, घोटा बरा आहे, लंगडतोय तो मेंदू. दुखलं की तो आपल्याला न विचारता दुसरी वाट पाडतो. रोज हजारो पावलं त्या वाटेनं गेली की तीच मळलेली होते. जुन्या वाटेवरचा काटा निघाला तरी माणूस मळलेल्या वाटेनंच जातो. जुनी वाट परत पाडायची तर जाणूनबुजून तिच्यावरून चालायला हवं. अंगणात खडूची रेघ मारा आणि सकाळी अर्धा तास तिच्यावर सारखी पावलं टाका, म्हणाले.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. येताना तीन मैल पावलांकडे बघत आलो. दमून गेलो. चालण्यानं नाही, बघण्यानं.

१७ जानेवारी, बुधवार

रेघेवरचा सराव चालू आहे. बघत असलो की सरळ, नजर काढली की लंगडा. गनीभाई बिडी ओढत बघत असतात. त्यांच्या लेखी यात नवल काही नाही. बैलाचंही असंच, म्हणाले. पाय बरा होऊन सहा महिने तो तसाच चालतो, मालक लंगडा समजून विकून टाकतो आणि घेणाऱ्याचं नशीब उघडतं.

पाणी आता दोन मैलांवरून आणावं लागतं. चाची पहाटे जाते ती ऊन चढल्यावर येते.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदनाला गेलो. चाल बरीच सुधारलीय. पण आज एक वेगळंच दिसलं. नमस्कार करताना उजवा अंगठा बाहेर राहिला होता, चार बोटांपासून फटकून. मग दिवसभर लक्ष ठेवलं. सुई मी तर्जनी आणि मधल्या बोटात धरतोय. पिशवीचा बंद डाव्या हातानं सोडतोय. आता हे लिहितानाही लेखणी दोन बोटांत आहे आणि अंगठा नुसता बाजूला उभा. दुखत नाही, दाबून बघितला, वाकवून बघितला. काहीही झालेलं नाही त्याला.

पायाची सवय हाताला लागली असेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

३० जानेवारी, मंगळवार

गनीभाईंच्या हाताखाली आज एका बैलाचा दोर धरला होता. बैलानं पाय झाडला, दोराचा फास आवळला आणि उजवा अंगठा त्यात चेचला. नख काळं पडलं. पट्टी बांधून दुपारी कामावर गेलो. एकवीस काचपट्ट्या झाल्या. एकदाही अडलो नाही. सुई दोन बोटांत, बंद डाव्या हातानं. परत येताना निम्म्या वाटेत लक्षात आलं आणि उन्हातच थांबलो.

हे मी जखमेनंतर शिकलो नाही. आधीच शिकून ठेवलं होतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दहा दिवस कुणाला बोललो नाही. आज गनीभाईंना सांगितलं. हसतील वाटलं होतं. ते हसले नाहीत. बिडी विझवली, मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवतो :

“जोडीतला बैल जोडीदाराकडं झुकून चालतो. त्याचा नाल आतल्या अंगानं झिजतो. जोडीदार मेला तरी म्हैनाभर तो तसाच झुकतो, कारन अंगाला म्हाईत न्हाई. पन एक डाव मी उलटं बघितलं. वाडीतल्या कारभारीचा बैल. नाल बदलाया आनला, तर नाल सपाट झिजलेला. म्या म्हनलं, ह्यो एकटा कवापासनं चालतुय? कारभारी म्हनला, एकटा कुठं, जोडी तर धडधाकट हाय. आठ दिसांनी त्या दुसऱ्याला पान लागलं. गेला.”

पान लागलं म्हणजे साप चावला. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, “नवा नाल ठोकला. दुसरं काय करनार?”

१५ फेब्रुवारी, गुरुवार

मैना मेली. चारा नव्हताच, कागद खाऊन पोट फुगलं. चाची उंबऱ्यात बसून होती. तिला धीर द्यायला गेलो आणि एकदम ध्यानात आलं. गेले चार-पाच दिवस मी जाता-येता मैनेच्या डोक्याला हात लावला नव्हता. ती मान पुढे करत असणार. माझा हात गेलाच नाही.

चाचीला भीत भीत विचारलं, तुमचंही असं काही झालं होतं का? तिनं पदर चाचपला. मग म्हणाली की कांद्याची सालं ती रोज पदरात ठेवायची शेळीसाठी. सोमवारपासून चुलीत टाकत होती. का, ते तिलाही माहीत नाही.

मनकर्णेचं पत्र आलंय. बनूनं धोशा लावलाय, म्हणून पंधरा दिवस येऊन राहते म्हणते. पुढच्या रविवारी, पंचवीस तारखेला. बन्सी, तिचा भाऊ, एस.टी.त बसवून देईल. पाण्याचे हाल आहेत हे तिला कळवलं होतं. तिनं लिहिलंय, तुम्ही पिता तेच आम्ही पिऊ.

आनंद झाला. सगळा शीण गेला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी झोपून उठलो. बाजेच्या मधोमध होतो. दोन्ही हात छातीवर.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आजही मधोमध.

चाचीला विचारलं, किती दिवस झाले? ती म्हणाली, तिनं शुक्रवारीच बघितलं होतं. बोलली नाही.

डावा हात पसरून बघितला. जातो, पण कुणाच्या तरी दुसऱ्याचा हात असल्यासारखा. ठेवला तिथं पडून राहतो आणि नजर वळली की छातीवर येतो. बनूच्या डोक्याचं वजन मला आठवत होतं. डोळे मिटून आठवलं की खांद्यात जाणवायचं. आज जाणवलं नाही. तोंड आठवतं, आवाज आठवतो. वजन गेलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

मिरजगावला जाऊन तार केली : येऊ नका, पत्र पाठवतो.

इथं पाणी गढूळ, उलट्या-जुलाब चालू आहेत, ऊन मरणाचं. बनू तिथंच राहिली तर टळेल. टळू शकतं. डॉक्टर म्हणालेच होते, जुनी वाट परत पाडता येते. गोधडीची वळकटी करून डाव्या हाताला बांधली आणि दुपारभर कडेला पडून राहिलो. हाताला मुंग्या आल्या. झोप लागली नाही. चालेल. शिकवीन त्याला परत.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर गेलो नाही. वळकटी बांधून पडलो होतो. डुलकी लागली असावी. उठलो तर गाठ सुटलेली. सोडली कुणी? घरात कुणी नव्हतं. उजव्या हाताच्या नखांत गोधडीचे दोरे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

दोघी आल्या. तार वाचून मनकर्णेला वाटलं मीच आजारी आहे, म्हणून एक दिवस आधीच निघाली. दारात उभी, डोक्यावर गाठोडं, घामानं निथळत. आणि बनू.

धडधाकट आहे. अंगाला हात लावला, ताप नाही. जीभ बघितली, डोळे बघितले, बोटाला सुई टोचून रक्त घेतलं तेव्हा रडली. मनकर्णा चिडली. बनू मांडीवर चढली तर तिला बसता येईना, सारखी घसरत होती. म्हणाली, “आण्णा, नीट बसा की.” मी नीटच बसलो होतो. पाय तिच्यासाठी वाकतच नाहीत.

२५ फेब्रुवारी, रविवार

पाणी उकळून गाळून देतोय. चुलीपासून लांब ठेवतो. बाहेर सोडत नाही. साप, ऊन, खाणीचा खड्डा — किती गोष्टी आहेत. चार वर्षांचं पोर किती गोष्टींनी —

मनकर्णा म्हणाली, “काय झालंय तुमाला? पोरगी भेली तुमाला.”

खरं आहे. ती माझ्याजवळ येत नाही आता.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आज जे बघितलं ते शांतपणे लिहायला हवं.

दोघींना घेऊन पाण्याला गेलो. कोपरगावला मनकर्णा हंडा गुडघ्यावर घेते आणि थांबते. मी तो उचलून डोक्यावर ठेवतो. लग्न झाल्यापासून असंच. आज ती थांबली नाही. गुडघा, कंबर, डोकं, एका दमात हंडा वर गेला. मी दोन पावलांवर होतो. विचारलं, हे कधी शिकलीस? ती गोंधळली. म्हणाली, “आठेक दिस झालं आसत्याल. कळलंच न्हाई वो.”

परत येताना बनू आईचं बोट धरून चालत होती. पूर्वी आमच्या दोघांच्या मध्ये चालायची, दोन्हीकडे एकेक बोट. आज तिचा दुसरा हात मोकळा होता, आणि ती तो मस्त झुलवत होती.

दुपारी दोघी आत निजल्या. दारात उभा राहून बघितलं. मनकर्णेचा हात पसरलेला, त्यावर बनूचं डोकं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोघींनी सगळी जागा घेतली होती. एकमेकींसाठी जागा होती. तिसऱ्याला नव्हती.

मनकर्णेच्या अंगाला बनू माहीत आहे. पक्की माहीत आहे. बनूच्या अंगाला आई माहीत आहे.

तिथंच उंबऱ्यात बसलो आणि तोंडात पंचा कोंबून रडलो. किती दिवसांनी हलकं वाटलं. ती नाही. जाणारी बनू नाही. माझा हात तिला विसरला, कारण त्याला ती पुन्हा लागणार नव्हती.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. छाती तपासली. सगळं ठीक म्हणाले, थकवा आहे, रजा घ्या. मी वाद घातला नाही. फार दमलोय.

गनीभाईंना सांगितलं की परवा दोघींना कोपरगावला पोचवा. त्यांनी कारण विचारलं नाही. मान हलवली. मग म्हणाले, “तुमी सोता या की संगं, डाक्टर.” आणि लगेच खाली बघितलं. मला वाटतं, मी जाणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, तोंडून उगाच निघालं.

मनकर्णेला काही बोललो नाही. भाकरी दोघींपुरतीच केली होती तिनं. लक्षात आल्यावर जीभ चावली, पुन्हा पीठ मळायला बसली. मी म्हणालो, भूक नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी बनूला जवळ बोलावलं. आली. डावा हात उजव्या हातानं उचलून तिच्या खांद्यावर ठेवला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तो धरून ठेवला बराच वेळ. बरं वाटलं.

दुपार. दोघी आत निजल्यात. मी पडवीत बसून लिहितोय.

आता एक नवीनच. भिंतीवर तारीख टाकत होतो, घरापुढच्या. टाकून झाली आणि छाती जड वाटली. कितीतरी वेळ श्वास घेतलाच नव्हता. त्रास नाही झाला. जसा अंगठा बाजूला राहिला होता, तसं —

मुद्दाम घेतला की येतो. लक्ष ठेवावं लागतं. रेघेवर चालताना ठेवायचो तसं. एक. मग दुसरा. लिहिताना लक्ष राहत नाही —

पुन्हा राहिला होता. घेतला.

दुखत नाही मनकर्णा. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितो. काहीच दुखत —

घेतला.

आत बनूनं कूस बदलली. उठली वाटतं. इकडे यायला नको तिनं. चाचीला हाक मारावी तर आवाजाला —

घेतला. पाऊल वाजलं. तिला दारातच